आजीची जीभ

साथीचा ताप येऊन गेला त्या वर्षी माझ्या आजीने अचानक उपास धरायला सुरुवात केली. आधी सोमवार. मग गुरुवार. मग चतुर्थी, एकादशी, शनिवार. जिने आयुष्यभर उपासांची टिंगल केली होती, "मी बांगडो खाल्लंय काय साबुदाणो, देवाक काय फरक पडता?" असं जी भर हॉटेलात गिऱ्हाइकांना ऐकवायची, ती आता आठवड्यातले तीन-चार दिवस कालवणाच्या टोपापाशी उभी राहून म्हणायची, "माझो आज उपास आसा. तू जरा मीठ बघ गो."

मला त्यात काही खटकलं नाही. म्हातारपणी माणसं देवाकडे वळतात, त्यातून ती नुकती आजारातून उठलेली. शिवाय माझं लक्ष तिच्याकडे नव्हतंच.

तिचं हॉटेल घाटकोपरला, पश्चिमेला, डोंगराच्या उतारावर वस्ती चढायला लागते तिथे रस्त्यालगत होतं. सहा टेबलं, बाहेर 'घरगुती मालवणी जेवण' अशी पाटी. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा तिने आधी खोलीतून डबे सुरू केले, मग हा गाळा घेतला. सुरुवातीला लोक 'काकीचं हॉटेल' म्हणत. पुढे कधीतरी, कोणी न ठरवता, ते 'आजीचं हॉटेल' झालं. तिथे कोणाला एकट्याने जेवू द्यायचं नाही हा तिचा हट्ट होता. एकटा माणूस आला की ती त्याला कोणाच्या तरी समोर नेऊन बसवायची. "हे पण कुडाळचे," म्हणायची. तो कधीकधी नागपूरचा निघायचा. तोवर ताटं आलेली असायची आणि दोघं बोलायला लागलेले असायचे.

मी तिच्याकडे राहायला आले ती पंधरा दिवसांसाठी. "ताप उतरून तीन दिवस नाही झाले आणि ती खाली हॉटेलात जाऊन उभी राहिलीय. कोणीतरी जवळ राहायला हवं," असं वडील बोरिवलीहून फोनवर म्हणाले. माझी नोकरी नुकतीच गेली होती, त्यामुळे कोणीतरी म्हणजे मीच होते. तिची खोली हॉटेलच्या बरोबर वर. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, चार झाले. मी सकाळी उठायचे, मेल बघायचे, खोलीत फेऱ्या मारायचे, गॅलरीत यायचे, परत आत जायचे. कुठून तरी इंटरव्ह्यूचा फोन यायचा, बरा व्हायचा, आणि मग आठवडाभर काहीच नाही. खालून आजीचा आवाज यायचा. मला त्या आवाजाचाही राग यायचा. हिला रोज सकाळी काय करायचंय ते माहीत असतं, असं वाटायचं.

एका सकाळी दूध करपल्याचा वास आला. चांगला उग्र, वरपर्यंत. मी धावत खाली गेले, तर आजी शेगडीपासून दोन हातांवर उभी राहून तांदूळ निवडत होती. पातेलं काळं पडलं होतं.

"आजी, दूध!"

तिने वळून पाहिलं. "अगो बाय," म्हणाली आणि गॅस बंद केला. पण मी ओरडेपर्यंत तिला पत्ता नव्हता, हे मला स्पष्ट दिसलं.

त्या दिवसापासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. मासे घ्यायला जायची तेव्हा कोळणीशी हुज्जत घालताना माशाचे डोळे बघायची, कल्ले उचलून बघायची, बोटाने दाबायची. पण पूर्वीसारखा मासा नाकापाशी नेत नव्हती. कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उगाच उभी राहायची. आणि ते उपास. शेवटी मला राहवलं नाही. मी दुपारच्या चहात तिच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं.

आज विचार केला तर स्वतःची लाज वाटते. सरळ विचारता आलं असतं. पण तेव्हा माझ्यात तेवढाही धीर नव्हता.

तिने सगळा कप प्यायला. पदराने तोंड पुसलं. "बरी झाली चाय," म्हणाली.

माझ्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. तिने रिकाम्या कपात पाहिलं. "काय घातलंस त्यात?"

"मीठ."

ती मला रागावेल असं वाटलं होतं. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि कप दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तापापासना माका काय्येक लागणा नाय. वास नाय, चव नाय. कागद चावल्यासारख्या वाटता."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"सांगितलंय. म्हणाले, येतली हळूहळू. काय जणांची येता." मग तिने माझं मनगट पकडलं. तिची पकड मला अजून आठवते, आजारी बाईची ती नव्हतीच. "कोणाक सांगू नको. तुझ्या बापाशीक नको, खाली मावशीक पण नको. हॉटेलवालीची जीभ गेली म्हटल्यावर कोण येतलो जेवूक?"

मावशी म्हणजे आमच्या हॉटेलात वाटण-घाटण करणारी बाई. संगमेश्वरची. वीस वर्षं आजीच्या हाताखाली होती आणि तिला 'काकी' म्हणायची.

मी वचन दिलं. आणि त्या दिवसापासून मी आजीची जीभ झाले.

रोज साडेअकराला, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, मला खाली जावं लागे. आजी टोपातलं थोडं कालवण वाटीत काढून माझ्यासमोर धरायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "चांगलंय." ती भडकली. "चांगला म्हणजे काय? ता गिऱ्हायकां सांगतत. तू माका आंबट किती ता सांग. तिखट आधी लागता की मागसून? खोबरा पुढे येता काय?" मला सांगता येईना. मग तिने शिकवायला सुरुवात केली. घोट लगेच गिळायचा नाही. जिभेच्या कडेला काय लागलं, घशाशी काय राहिलं, ते बघायचं. तिरफळ जास्त झालं की ओठ बधिर होतात, कोकम जास्त झालं की दात आंबतात. महिन्याभरात मी बऱ्यापैकी बोलायला लागले. "आमटी पातळ नाहीये, पण पोकळ लागतेय," असं एकदा म्हटलं तर ती इतकी खूश झाली की तिने माझ्या गालाला पिठाचा हात लावला.

मला वाटायचं, हे हॉटेल आता माझ्यामुळे चाललंय. असं वाटणं बरं वाटायचं आणि त्याच वेळी अंगावर यायचं. साडेअकराच्या आसपास कुठे जाता येत नसे, कोणाला भेटता येत नसे. फोन वाजला की आधी घड्याळ बघायचे. आजीही तशीच झाली होती. सगळं झपाट्याने करणारी ती, आता टोपाभोवती येरझाऱ्या घालायची, झाकण काढायची, परत ठेवायची. ढवळायची, वास घ्यायला वाकायची आणि तशीच सरळ व्हायची. आम्ही दोघी त्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात एकमेकींना धडकत असायचो.

मग तो दिवस आला.

आमच्याकडे रोज दुपारी पोस्टातून रिटायर झालेले एक काका जेवायला यायचे. बायको वारल्यापासून रोज. त्यांना अल्सर होता, म्हणून आजी त्यांच्यापुरतं बिनतिखटाचं कालवण वेगळ्या टोपात करायची, गेली नऊ-दहा वर्षं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलाकडची माणसं नाशिकहून येणार होती, आणि काकांनी त्यांना कुठल्या भारी हॉटेलात न नेता आजीकडे आणायचं ठरवलं. "माझं घर हेच आहे, आजी," ते म्हणाले होते. आजीने दोन दिवस आधीपासून तयारी केली. वडे, कोंबडीची सागोती, सुरमई, सोलकढी.

नेमकं त्या दिवशी मावशीच्या मुलीला दवाखान्यात नेलं. बाळंतपण. मावशी आली नाही. नारळ आजीनेच फोडले, खोबऱ्याचं वाटण आजीनेच केलं. आणि नेमका त्याच दिवशी साडेअकराला हैदराबादच्या एका कंपनीचा शेवटचा इंटरव्ह्यू आला. ते लोक मला दोन आठवडे झुलवत होते.

मी कानाला फोन लावून खाली आले. पलीकडची बाई बोलत होती, मी 'येस, येस' करत होते. आजीने वाटी पुढे केली. मी चमचा उचलला, वाटीवर नेला, तोंडापाशी आणला, आणि परत ठेवला. मान हलवली. आजीने भुवया उंचावून विचारलं. मी अंगठा दाखवला आणि वर पळाले.

चाळीस मिनिटांनी फोन संपला. नोकरी मिळाली होती. मी जवळजवळ उड्या मारत जिना उतरले. आजीला आधी सांगायचं होतं.

खाली सगळं हॉटेल गप्प होतं.

दोन टेबलं जोडून काकांची मंडळी बसली होती. काका, त्यांची मुलगी, मुलगा, मुलाचे आई-वडील. ताटं वाढलेली होती. मुलाच्या वडिलांनी एक घास घेऊन पाण्याचा ग्लास तोंडाला लावला होता. आई वडा नुसता मोडत बसली होती. मुलगी मान खाली घालून. एकटे काका जेवत होते, भराभर, कोणाकडे न बघता, त्यांच्या त्या बिनतिखटाच्या वाटीतलंही संपवत आणलं होतं. शेजारच्या टेबलावरचा एक माणूस हळूच दुसऱ्याला म्हणाला, "नारळ खवट आहे."

आजी पातेलं आणि पळी घेऊन त्यांच्यापाशी उभी होती. "वाढू?" तिने विचारलं. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ती माणसांची तोंडं वाचण्यात पक्की होती. मग तिने पातेल्यात बोट बुडवलं आणि चाटलं. सगळे बघत होते. तिला काही लागलं नाही. तिने परत बोट बुडवलं.

मग तिने मला जिन्याच्या पायथ्याशी पाहिलं.

"तू बघितलंस ना गो?"

"हो," मी म्हटलं.

अजूनही तो शब्द माझ्या तोंडातून निघाला कसा, ते मला कळत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, एवढंच आठवतं.

आजीने पळी ठेवली आणि सगळ्यांकडे वळून म्हणाली, मालवणीत नाही, सरळ शुद्ध मराठीत, जशी ती फक्त शाळेत बाईंशी आणि दवाखान्यात बोलायची: "चूक माझी आहे. तापापासून मला चव कळत नाही. वासही येत नाही. मी तुमच्यापासून लपवलं. हे जेवण खाऊ नका."

काकांचा हात थांबला. आजीने स्वतःच ताटं उचलायला सुरुवात केली. मी पुढे झाले तर तिने मला बाजूला सारलं. "अर्धो तास बसा," ती पाहुण्यांना म्हणाली. "उपाशी कोण जाऊचा नाय हयसून."

तिने कुळथाची पिठी शिजायला टाकली, भात लावला, सुके बोंबील तव्यावर घातले. नारळाला हात लावला नाही. मुलाची आई उठून आत आली, साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "मी सांगते मीठ. तुम्ही घाला." मी दारात उभी होते. माझ्या हातात फोन होता आणि तो कुठे ठेवावा ते मला कळत नव्हतं. त्या बाईने पिठीचा घोट घेतला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "चिमूटभर अजून." आजीने चिमूटभर घातलं.

ते सगळे जेवले. मुलाच्या वडिलांनी दोनदा भात घेतला. जाताना काका आजीपाशी थांबले. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच म्हणाले. ते खरोखर दुखावले होते.

आजी मला काही बोलली नाही. संध्याकाळी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी वाट बघत होते. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जेवलीस का विचारायची, कपडे वाळत घालायची, आणि मी तिच्या मागे मागे फिरायचे. नोकरीचं मी तिला सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती चपला घालून बाहेर पडली. त्या जेवणापासून हॉटेल बंद होतं, तिला कुठे जायचं काही कारण नव्हतं. मी तिच्या मागून निघाले, थोडं अंतर ठेवून.

ती भराभर चालत होती. फुलवाल्याच्या टोपलीपाशी थांबली, वाकली. पुढे गेली. कॉफी दळून देणाऱ्या दुकानाचं शटर नुकतंच वर होत होतं, तिथे उभी राहिली. मग अगरबत्तीचं दुकान. पेट्रोल पंपापाशी तर ती अगदी आत जाऊन उभी राहिली. पंपावरचा माणूस तिला बाजूला व्हायला सांगत होता आणि ती डोळे मिटून श्वास घेत होती. परत मान हलवून पुढे. मला ते बघवेना.

सिग्नलपाशी ती न वळताच म्हणाली, "मागसून कित्याक येतंस? बाजूक ये."

मी तिच्या बाजूला गेले. रस्त्यावर रिक्षांची गर्दी सुरू झाली होती. मी म्हटलं, "आजी, मी त्या दिवशी चाखलंच नव्हतं."

"माका म्हायत होता."

"कसं?"

"चमचो सुको होतो."

"मग बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर तू स्वतःवर का घेतलंस?"

ती माझ्याकडे बघून जरा वैतागलीच. "नायतर कोणावर घेऊ? हॉटेल माझा. मीच लपवलंय, मीच तुका खोटा बोलूक लावलंय. मीच वाढलंय." पुढे म्हणाली, "चमचो सुको बघून पण वाढलंय, ता माझा चुकला. वाटला, तुझो फोन चालू आसा, कित्याक अडवू." मग एकदम, "गावली काय नोकरी?"

मी होकारार्थी मान डोलावली. माझे डोळे भरले होते. ती मात्र सिग्नल सुटायची वाट बघत होती. "मग जातलंस कधी?" म्हणाली आणि रस्ता ओलांडायला लागली.

चौथ्या दिवशी मावशी परत आली. तिला नातू झाला होता, पेढे घेऊन आली होती. आजीने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. मावशी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काकी, मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तुम्ही आमटीत दोनदा मीठ घातलंत तेव्हा."

"आणि तू बोलली नाय?"

"तुम्ही बोलत नव्हता, मी कशी बोलू? नारळ मी हुंगून घ्यायचे. मीठ मी बघायचे. ही येईपर्यंत सगळं ठीक करून ठेवायचे."

ही म्हणजे मी. म्हणजे इतके महिने मी जे चाखत होते ते आधीच चाखलेलं, दुरुस्त केलेलं होतं. मी 'बरोबर' म्हणायचे कारण ते बरोबर असायचंच. मला हसावं की रडावं कळेना. आजी मात्र हसली, खूप दिवसांनी, तोंडावर पदर धरून.

हॉटेल परत उघडलं. काही गिऱ्हाइकं तुटली, बोलणारे बोलले. पण पहिल्याच दिवशी अकराला काका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "काय चाखायचंय?" आजीने म्हटलं, "तुमका तिखट चालणा नाय." ते म्हणाले, "एका चमच्याने मरत नाही मी." त्यांच्या मागोमाग आणखी दोघं-तिघं आली. कोण म्हणे आंबट कमी, कोण म्हणे जास्त. आजी मध्ये उभी राहून भांडणं ऐकायची आणि शेवटी मावशीकडे बघायची. मावशी सांगेल ते व्हायचं.

मी दोन आठवड्यांनी हैदराबादला गेले. तिथे नवीन घर, नवी माणसं, बरं काम. पण माझा पाय कुठे टिकत नव्हता. जेवताना मध्येच उठायचे. रोज फोन करायचे आणि आजी म्हणायची, "आता काय? कामात आसय." वर्षभराने एकदा तिनेच फोन केला. वास परत आला होता, पण वाकडा. कोथिंबीर जळक्या टायरसारखी लागते म्हणाली. "पण लागता तरी काय तरी," म्हणाली. तिला कोण आनंद झाला होता. त्यानंतर ती रोज कुठला तरी एक पदार्थ कसा विचित्र लागतो ते सांगायची, आणि मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकायचे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ती गेली. सकाळी छातीत दुखलं, दवाखान्यात दोन दिवस होती, मी पोचले तेव्हा शुद्धीवर नव्हती.

तिसऱ्या दिवशी मावशीने हॉटेल उघडलं. वडील बोरिवलीहून फोनवर चिडले. सुतकात हे काय, लोक काय म्हणतील. मावशी म्हणाली, "सुतक तुम्हाला आहे, मला नाही. आणि माणसं दारात उभी आहेत." खरंच होती. काका होते, रिक्षावाले होते, वरच्या वस्तीतल्या दोन नर्स होत्या. वडिलांचं ऐकून मी वरती बसायला हवं होतं. अर्धा तास बसले. मग खाली गेले आणि वाढायला लागले.

कोपऱ्यात एक मुलगी एकटीच बसली होती. नवीन होती, पाठीला ऑफिसची बॅग, तिला काही माहीत नव्हतं. काका तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होते. मी त्यांचं ताट उचललं आणि तिच्यासमोर नेऊन ठेवलं. काका उठून तिकडे जाऊन बसले. तिने जरा दचकून आपलं ताट अलीकडे ओढून जागा केली.

"भात मिळेल अजून?" तिने विचारलं.

"आणते," मी म्हटलं आणि आत गेले.